सोसायटीचा स्विमिंग पूल: डागडुजी पुरेल की नवा बांधावा लागेल?

नवी कमिटी बसली की दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगला हा विषय निघतोच. पार्किंगमधल्या गाड्यांवर पांढरे डाग पडतायत, महिन्याला एखादा टँकर जास्त लागतोय, निघालेल्या टाइलच्या कडेने मुलांचे पाय कापतायत. मग कोणीतरी ओळखीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतं. तो काठावरून दहा मिनिटं बघतो आणि आकडा सांगून जातो. एक सभासद म्हणतो टाइल्स बदला की झालं, दुसरा म्हणतो एकदाच काय तो अख्खा फोडून नवा करा. दोघांपैकी कोणीही पूल तपासलेला नसतो.

टाइल्स कशा दिसतात यावर काहीच ठरत नाही. चकचकीत टाइल्सखाली सळया कुजलेल्या असू शकतात, आणि अर्ध्या टाइल्स गळून पडलेला पूल आतून ठणठणीत निघू शकतो. निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: आरसीसीचा सांगाडा कसा आहे, पाणी नेमकं कुठून जातंय, आणि पूलच्या खाली माती आहे की पार्किंग. पुढच्या पायऱ्या मुद्दाम स्वस्ताकडून महागाकडे लावल्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्यांना जवळजवळ खर्च नाही, आणि बऱ्याच सोसायट्यांचं उत्तर तिथेच मिळतं.

हिशेबासाठी सगळीकडे एकच नमुना धरू: १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद, एका बाजूला ०.९ आणि दुसऱ्या बाजूला १.५ मीटर खोल. सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे ७२ घनमीटर, म्हणजे ७२,००० लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सात टँकर आणि वर थोडं.

१. आधी कागद जमवा

हे लागतील:

- पूलचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि प्लंबिंगचं ड्रॉइंग. बिल्डरकडून मिळालं नसेल तर ज्या आरसीसी कन्सल्टंटने इमारतीचं डिझाइन केलं त्याच्याकडे मागा.
- मंजूर नकाशा आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र). पूल नकाशात दाखवलेला आहे का, तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच मापाचा आहे का, हे बघा. नसेल तर तो वेगळाच विषय आहे आणि तो आधी आर्किटेक्टपुढे न्या.
- गेल्या दोन-तीन वर्षांची टँकरची आणि पाण्याची बिलं.
- आधीच्या वॉटरप्रूफिंगची बिलं आणि गॅरंटीचे कागद. आधी काय भरलंय हे कळलं नाही तर नवा थर जुन्यावर धरत नाही.
- इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट, असेल तर. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे ऑडिट करून घ्यावंच लागतं. त्यात पूलचा उल्लेख आहे का बघा. बहुतेक वेळा नसतो.

कागद बघतानाच दोन प्रश्न विचारून घ्या.

पहिला: ताबा मिळून पाच वर्षं झाली आहेत का? झाली नसतील तर स्वतःहून काहीही फोडू नका. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. फोटो, तारखा, पाणी उतरल्याच्या नोंदी जोडून लेखी कळवा. तुमच्या माणसाने आधीच हात लावला की ‘तुम्हीच बिघडवलंत’ हे उत्तर तयार असतं.

दुसरा: सोसायटी रिडेव्हलपमेंटचा विचार करतेय का? पुढच्या पाच-सात वर्षांत इमारतच पडणार असेल तर नवा पूल बांधण्यात अर्थ नाही. गळती थांबवा, धोका काढा आणि थांबा. एवढं साधं उत्तर असूनही यावर सभेत तासन् तास भांडणं होतात.

२. पाणी खरंच जातंय का, ते मोजा

लागणारं सामान: प्लास्टिकची बादली, स्टीलची पट्टी, न पुसणारा मार्कर, वही. बस.

बादलीत पूलचंच पाणी भरा आणि ती पूलच्या पायरीवर अशी ठेवा की बादलीच्या आतली आणि बाहेरची पातळी सारखी येईल. आत एक खूण, बाहेर एक खूण. पंप बंद ठेवून २४ तास थांबा. पोहणं बंद, वरून पाणी सोडणं बंद. बादलीतलं पाणी फक्त वाफ होऊन कमी होतं. पूलमधलं वाफेने आणि गळतीने. दोन्हींतला फरक म्हणजे गळती. मुंबईच्या एप्रिल-मेच्या उन्हात रोज अर्धा सेंटिमीटर पाणी नुसतं वाफेने जाऊ शकतं, त्यामुळे ‘रोज पाणी उतरतं’ एवढ्यावरून पूल गळतो असं म्हणता येत नाही.

नमुन्याच्या पूलचं क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, म्हणून १ मिमी उतार म्हणजे ६० लिटर. वाफ वजा जाता रोज ५ मिमी जात असेल तर ३०० लिटर, महिन्याला ९,००० लिटर. रोज २० मिमी असेल तर महिन्याला ३६,००० लिटर, म्हणजे साडेतीन टँकर. टँकरची बिलं समोर ठेवून हा आकडा जुळतो का ते पाहा.

दुसऱ्या दिवशी हीच टेस्ट पंप चालू ठेवून करा. इथून खरी माहिती मिळते:

- पंप चालू असताना जास्त पाणी गेलं तर रिटर्न लाइन (फिल्टरमधून पूलमध्ये पाणी परत आणणारी) संशयित. त्या पाइपमध्ये पंप चालू असतानाच दाब असतो.
- पंप बंद असताना जास्त गेलं तर सक्शन लाइन (पूलमधून पंपाकडे पाणी ओढणारी). पंप चालू असताना ही लाइन त्याच भोकातून हवा ओढते, त्यामुळे रिटर्नच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात आणि पंपच्या बास्केटमध्ये हवा साठते.
- दोन्ही वेळा सारखंच गेलं तर सांगाडा किंवा त्यात बसवलेली एखादी वस्तू.

तीन ठिकाणी ही टेस्ट फसते. पाणी आपोआप भरणारा बॉलकॉक किंवा फ्लोट व्हॉल्व्ह चालू राहिला तर पातळी हलतच नाही आणि सगळे खूश होतात. तो आधी बंद करा. ओव्हरफ्लो पूल असेल, म्हणजे पाणी काठावरून जाळीखालच्या गटारात पडत असेल, तर पंप चालू असतानाचा उतार पूलमध्ये दिसत नाही, बॅलन्सिंग टँकमध्ये (ते पाणी साठवणाऱ्या टाकीत) दिसतो. तिथे खूण करा. आणि तिसरं, सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारं: फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या आतला रबरी गॅस्केट झिजला की पाणी गुपचूप बॅकवॉशच्या (फिल्टर उलट धुण्याच्या) लाइनने ड्रेनेजमध्ये जातं. व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वर असताना बॅकवॉशच्या पाइपचं तोंड कोरडं आहे का, ते पाहा. तिथे धार दिसली तर लाखोंच्या वॉटरप्रूफिंगची नाही, एका गॅस्केटची गरज आहे.

३. कुठून जातंय, ते शोधा

पंप बंद, सगळे व्हॉल्व्ह बंद, आणि पाणी उतरू द्या. एका ठरावीक उंचीला उतार थांबला तर भोक त्याच उंचीवर आहे. स्किमरच्या (भिंतीतल्या, पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या खिडकीच्या) तोंडाशी थांबलं तर स्किमर, लाइटपाशी थांबलं तर लाइटचा खड्डा, रिटर्नपाशी थांबलं तर तो जोड. पाणी पार खाली जाऊ देऊ नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही. कारण चौथ्या पायरीत आहे.

संशयित जागी खाण्याच्या रंगाची टेस्ट करा. सिरिंजमध्ये गडद लाल रंग भरून, पाणी पूर्ण स्थिर असताना, भेगेपासून बोटभर अंतरावर हळूच थेंब सोडा. भेग पाणी ओढत असेल तर रंगाची रेघ सरळ आत शिरते. नसेल तर रंग तिथेच ढगासारखा पसरतो. अंडरवॉटर लाइटच्या मागून जाणारा वायरचा पाइप, स्किमर आणि काँक्रीटचा सांधा, मेन ड्रेनची (तळाच्या जाळीची) कड, आणि भिंत-तळ मिळतात तो कोपरा, एवढ्या चार जागा तरी तपासाच.

पोडियमवरच्या, म्हणजे खाली पार्किंग असलेल्या पूलला आणखी एक काम असतं. खाली टपकणारं पाणी पूलचंच आहे की शेजारच्या कुंड्यांच्या वाफ्याचं किंवा डेकवरच्या पावसाचं? क्लोरीन तपासायच्या किटमधला पिवळा रंग देणारा थेंब त्या पाण्यात टाका. पिवळं झालं तर ते पूलचंच. मात्र पिवळं झालं नाही म्हणजे पूल सुटला असं नाही. काँक्रीटमधून झिरपताना क्लोरीन संपून जातो. अशा वेळी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावा आणि पूलचं, नळाचं आणि टपकणारं अशी तिन्ही पाणी ताडून पाहा. पूलचं पाणी जुनं आणि खारट असेल तर टपकणाऱ्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्यापेक्षा बराच वर येतो. पण काँक्रीटमधला चुना विरघळूनही टीडीएस वाढतो, म्हणून हा एकटा पुरावा धरू नका.

स्लॅबखाली लोंबणारे पांढरे सुळके म्हणजे हाच विरघळलेला चुना. तो गाडीच्या रंगावर बसला की पाण्याने निघत नाही. सुळके लहान असोत वा मोठे, त्यांचा अर्थ एकच: पाणी काँक्रीटमधून बऱ्याच दिवसांपासून वाट काढतंय.

४. रिकामा करण्यापूर्वी खालच्या पाण्याची चौकशी

जमिनीतला पूल रिकामा करणं हे मुंबईत धोक्याचं काम आहे, आणि ते ‘उद्या मोटर लावून काढून टाकू’ असं सांगितलं जातं. जुहू, वर्सोवा, खार, वांद्र्याचा भराव अशा समुद्रालगतच्या भागांत जमिनीखालचं पाणी उथळ असतं आणि पावसाळ्यात आणखी वर येतं. हे पाणी रिकाम्या पूलला खालून वर ढकलतं.

हिशेब सोपा आहे. बाहेरचं पाणी पूलच्या तळापेक्षा १ मीटर वर असेल तर तळाच्या दर चौरस मीटरवर १ टन जोर येतो. २५० मिमी जाड आरसीसी स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण ६२५ किलो. नमुन्याच्या पूलला खालून ६० टन जोर आणि स्लॅबचं वजन ३७-३८ टन. उरलेलं भिंतींनी, फिनिशिंगने आणि मातीच्या पकडीने पेलायचं. पेललं नाही तर तळाला तडा जातो किंवा अख्खा पूल एका बाजूने उचलला जातो. मग डागडुजी की नवा, हा प्रश्नच संपतो.

म्हणून:

- जून ते ऑक्टोबर पूल रिकामा करू नका. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. काम अर्धवट असताना तो आला तर रिकामा पूल तसाच अडकतो.
- आधी पूलच्या बाजूला तळापेक्षा खोल बोअर किंवा खड्डा घेऊन पाणी किती खाली आहे ते बघा. आवारात विहीर असेल किंवा लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येत असेल तर तीही खूण आहे.
- पाणी वर असेल तर बाजूच्या खड्ड्यातून पंपाने ते सतत उपसत राहा, आणि पूल रिकामा असेपर्यंत रात्रीही तो पंप बंद पडता कामा नये. डिझेलवर चालणारा दुसरा पंप जागेवर ठेवा.
- मेन ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब वाढला की ते पूलमध्ये येऊ देणारा) आहे का ते बघा. जुन्या पूलमध्ये बहुधा नसतो, असला तर गंजून जाम झालेला असतो.

पोडियमवरच्या पूलला ही भीती नाही. तिथली भीती वजनाची असते, ती सातव्या पायरीत येईल.

बाहेर काढायचं पाणी वाया घालवू नका. चार-पाच दिवस क्लोरीन टाकणं थांबवा, उन्हाने तो उतरतो. स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) वापरत असाल तर जास्त दिवस लागतात, म्हणून टेस्ट करूनच ठरवा. क्लोरीन शून्यावर आला की ते फ्लशच्या टाकीला किंवा आवार धुवायला वापरता येतं.

५. सांगाड्याची तपासणी: सगळ्यात जास्त पैसे इथे खर्च करा

हे काम स्ट्रक्चरल इंजिनीअरचं. पुढे दुरुस्ती करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं नाही, आणि त्याच्या ‘फुकट तपासणी’चंही नाही. ज्याला फोडायचे पैसे मिळणार त्याला सगळं फोडावंसं वाटतं, आणि ज्याच्याकडे केमिकलची एजन्सी आहे त्याला प्रत्येक भेगेत केमिकल दिसतं.

त्याआधी तुम्ही स्वतः एक करू शकता. रिकाम्या पूलमध्ये लाकडी हातोडीने किंवा जाड नाण्याने टाइल्सवर ठोकत चला. खणखणीत आवाज आला की टाइल धरून आहे, बद्द पोकळ आवाज आला की सुटली आहे. पोकळ जागांना खडूने गोल करा आणि शेवटी फोटो काढा. डाग विखुरलेले असतील तर तो टाइल्सचा किंवा गिलाव्याचा प्रश्न असतो. पोकळपणा सलग पट्ट्यात, सळईच्या रेषेत दिसला आणि मधे तपकिरी गंज उतरलेला असेल तर सळई फुगतेय.

इंजिनीअरकडून या चाचण्या मागा:

- कव्हर मीटर: सळया किती खोल आहेत आणि कुठे आहेत. हे आधी करा, नाहीतर कोअर काढताना सळई कापली जाते.
- कोअर टेस्ट, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून त्याची ताकद तपासणं: किमान तीन. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे तीन कोअरची सरासरी मूळ ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. पाणी साठवणाऱ्या आरसीसीसाठी आयएस ३३७० मध्ये किमान एम-३० काँक्रीट सांगितलं आहे; जुने पूल त्यापेक्षा कमी ग्रेडचे असू शकतात, हे धरून निकाल वाचा.
- हाफ-सेल पोटेन्शियल: सळई आत गंजतेय का, याचा अंदाज. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. उणे २०० च्या वर असेल तर भीती कमी.
- कार्बोनेशन: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गुलाबी झालं तर सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा क्षारगुण शाबूत आहे, रंग आला नाही तर गेला.
- क्लोराइड: हे बहुतेक जण टाळतात आणि मुंबईत तेच सगळ्यात महत्त्वाचं. पूलमधला क्लोरीन, किनाऱ्याजवळच्या बोअरचं खारं पाणी आणि समुद्राची हवा, तिन्हींतून क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरतं. ते सळईपर्यंत पोचलं की काँक्रीट छान गुलाबी दाखवत असतानाही सळई गंजते. आयएस ४५६ मध्ये नवीन आरसीसीसाठी घनमीटरला ०.६ किलो ही कमाल मर्यादा आहे. सळईच्या खोलीवरचा नमुना त्याच्या कितीतरी पुढे गेला असेल तर वरून मारलेला कुठलाही थर गंज थांबवणार नाही.

नुसता रिबाउंड हॅमर मारून ‘काँक्रीट चांगलं आहे’ असा एका पानाचा रिपोर्ट आला तर परत पाठवा. हॅमर फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो.

भेगांची रुंदी क्रॅक गेजने मोजा. स्थिर असलेली बारीक भेग इंजेक्शनने बंद होते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून महिनाभर ठेवा. पट्टी तुटली तर भेग अजून हलतेय, म्हणजे पाया खचतोय किंवा स्लॅब वाकतोय. हलणाऱ्या भेगेत कडक इपॉक्सी भरली की शेजारी दुसरी भेग पडते.

६. पाइप आणि पंपरूम

सगळ्या लाइनींची तोंडं प्लगने बंद करून एकेक लाइन पाण्याच्या दाबावर घ्या. दीड किलोच्या आसपास दाब अर्धा तास तसाच टिकला तर लाइन ठीक. गेजचा काटा उतरला तर ती गळते. पाइप तळाच्या काँक्रीटमध्ये गाडलेले असतील तर एका जोडासाठी तळ फोडण्यापेक्षा जुनी लाइन सीमेंट ग्राउटने बंद करून नवी लाइन भिंतीच्या वरच्या बाजूने फिरवणं बरं.

फिल्टर मापाचा आहे का, तेही बघून घ्या. ७२ घनमीटर पाणी सहा तासांत एकदा फिरवायचं तर तासाला १२ घनमीटर. सँड फिल्टरमधून दर चौरस मीटरला तासाला ३० घनमीटर धरले तर ०.४ चौरस मीटर वाळू लागते, म्हणजे ७५० मिमी व्यासाचा फिल्टर. तुमच्याकडे ५०० मिमीचा असेल तर पाणी गढूळ राहण्याचं कारण तेच, आणि त्यासाठी पूलचा सांगाडा बदलायची गरज नाही.

लाइट १२ व्होल्टवरचे आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून आलेले हवेत, सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. मेन ड्रेन एकच असेल तर नूतनीकरणात तो दोन करा आणि सपाट जाळीऐवजी केस किंवा हात ओढला जाणार नाही असं फुगीर झाकण बसवा. यात काटकसर नको.

७. आता ठरवा

सांगाडा चांगला, गळती एखाद्या जोडातून किंवा पाइपमधून: फक्त डागडुजी. पूर्ण टाइल्स काढायचा मोह आवरा.

सांगाडा चांगला, पण वॉटरप्रूफिंग संपलेलं, टाइल्स निम्म्याहून जास्त पोकळ, पाइप जुने: पूर्ण नूतनीकरण. आरसीसीपर्यंत सगळं काढून नवं. मुंबईतल्या वीसेक वर्षं जुन्या पूलांची गत बहुधा हीच असते.

सळया सर्वत्र गंजलेल्या, क्लोराइड वर, कोअर नापास, किंवा हलणाऱ्या भेगा: नूतनीकरणाला पैसे लावू नका. इथे तीन वाटा आहेत.

एक, पाडून नवा बांधणं. जमिनीतल्या पूलला हे शक्य आहे, पण भोवती कंपाउंडची भिंत आणि इमारतीचा पाया असताना खोदाईला आधार द्यावा लागतो. तो खर्च कोटेशनमध्ये आहे का बघा, नसतोच.

दोन, जुन्या पूलच्या आत नवा आरसीसी पूल. १५० मिमीची भिंत दोन्हीकडे आली की लांबी-रुंदी ३०० मिमीने कमी होते. जमिनीत ही वाट चांगली, कारण जुना सांगाडा मातीला धरून ठेवतो. पोडियमवर मात्र विचार करून. १५० मिमी स्लॅबने चौरस मीटरला ३७५ किलो वाढतात, पाण्याची खोली तेवढीच कमी झाल्याने १५० किलो घटतात, म्हणजे निव्वळ २२५ किलो जास्त. खालच्या बीम आणि कॉलमना ते पेलतंय का, हे इंजिनीअरने लेखी द्यायला हवं.

तीन, उथळ करणं किंवा हलका पर्याय. एक मीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला एक टन. पाण्याची पातळीच ३०० मिमीने खाली आणली की पोडियमवरचे ३०० किलो कमी होतात. तळ उचलून घ्यायचा असेल तर भरावाला थर्माकोलचे घट्ट ब्लॉक किंवा फोम काँक्रीट वापरा, साधा कोबा नाही. तयार फायबरचा पूल आतमध्ये बसवता येतो, पण तो अख्खाच येतो. तुमच्या गल्लीत क्रेन शिरते का आणि वर विजेच्या तारा आहेत का, हे ऑर्डर देण्याआधी बघा.

चौथीही वाट आहे आणि तिचं नाव कोणी सभेत घेत नाही: पूल बंद करणं. वापरणारी दहा घरं आणि खर्च शंभर घरांचा, असं असेल तर हा पर्यायही मतदानाला ठेवा. पण मंजूर नकाशातला पूल बुजवायचा तर नकाशात बदल लागेल, आणि तळाला भोकं न पाडता माती भरली तर पहिल्याच पावसात आत डबकं होतं.

पैशांची तुलना एकूण रकमेवर करू नका, वर्षावर करा. समजा नूतनीकरण १८ लाखांत आणि सहा वर्षं टिकणार: वर्षाला ३ लाख. नवा ६० लाखांत आणि पंचवीस वर्षं: वर्षाला २ लाख ४० हजार. सांगाडा कुजलेला असताना स्वस्त वाटणारं काम असं महाग पडतं. उलट सांगाडा चांगला असेल तर तेच १८ लाखांचं काम पंधरा वर्षं जाऊ शकतं, वर्षाला १ लाख २० हजार. आकडे उदाहरणादाखल आहेत. आयुष्याचा आकडा मात्र पाचव्या पायरीतल्या रिपोर्टवरूनच घ्या, कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडून नाही. सगळ्या कोटेशनांत १८ टक्के जीएसटी धरलाय की वेगळा, हेही एका रांगेत आणा.

८. ठराव आणि परवानग्या

आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीला स्वतःच्या अधिकारात खर्च करायची मर्यादा आहे: २५ सभासदांपर्यंत २५ हजार, ५० पर्यंत ५० हजार, त्याहून मोठ्या सोसायटीला १ लाख. पूलचं काम त्यात बसत नाही, त्यामुळे सर्वसाधारण सभेची आधी मंजुरी घ्या. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर मोठ्या दुरुस्तीचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र आणि सभेचा ठराव दोन्ही लागतात. सभेत रिपोर्ट वाटा, नुसता आकडा नको.

त्याच जागी, त्याच मापात टाइल्स, गिलावा, वॉटरप्रूफिंग बदलणं ही साधी दुरुस्ती धरली जाते. पाडकाम, नवा सांगाडा, जागा किंवा माप बदलणं, यासाठी आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे जावं लागतं. म्हाडाच्या लेआउटमध्ये असाल तर म्हाडाकडे. प्लॉट सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) असेल तर खोदाईचा विचार करण्याआधी ते तपासा. डेब्रिज उचलण्यासाठी पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. रात्री टेम्पोत भरून खाडीकाठी टाकणारा कॉन्ट्रॅक्टर स्वस्त दिसतो, पण दंड लागला तर पत्ता सोसायटीचा असतो.

९. काम करून घेताना

वेळापत्रक दिवाळीनंतर सुरू आणि एप्रिलअखेर पूर्ण असं लावा. होळीला बरीच लेबर गावी जाते, तेवढा आठवडा-दोन आठवडे आधीच धरा.

नूतनीकरणाचा क्रम असा: टाइल्स, गिलावा, जुना कोबा काढून आरसीसी उघडं करणं, गंजलेल्या सळयांच्या मागे बोटभर जागा होईपर्यंत काँक्रीट काढून सळई घासणं, गंजरोधक लावणं, मायक्रो-काँक्रीटने भरणं, सांध्यांत आणि मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोकळ काँक्रीटमध्ये इंजेक्शन, भिंत-तळाच्या कोपऱ्याला वाटा (सीमेंटची गोलाई), पाइपभोवती सील, मग पॉलिमर-सीमेंटच्या थराचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा.

इथे थांबा आणि पाणी भरा. आयएस ३३७० ची पद्धत अशी की भरल्यावर सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचं, आणि त्यापुढचे सात दिवस रोज पातळी मोजायची. चौदा दिवस कॉन्ट्रॅक्टरला जड वाटतात. तो म्हणेल, टाइल्स लावून एकदमच टेस्ट करू. ऐकू नका. टाइल्सनंतर गळती निघाली तर ती शोधायला टाइल्सच फोडाव्या लागतात, आणि त्या कोणाच्या खर्चाने, यावर वाद होतो.

टाइल्स पूलसाठीच्या चिकट अॅडेसिव्हने लावा, साध्या सीमेंटच्या घोलाने नाही. सांधे इपॉक्सी ग्राउटने. काठाचा दगड आणि डेक यांच्या मधल्या सांध्यात सीमेंट भरू देऊ नका, तिथे लवचीक सीलंटच हवा. डेक उन्हाने फुगतो आणि काठाला ढकलतो. वरच्या ओळीतल्या टाइल्स पहिल्या पडतात त्या याच कारणाने.

स्टॅम्प पेपरवरची दहा वर्षांची गॅरंटी वाचून घ्या. ‘स्ट्रक्चरल क्रॅक वगळून’ असं एक वाक्य त्यात असतं, आणि पुढची प्रत्येक भेग मग स्ट्रक्चरलच ठरते. कागदापेक्षा हातात ठेवलेला पैसा जास्त कामाचा: बिलाच्या ५ ते १० टक्के रक्कम पुढचा एक पावसाळा संपेपर्यंत रोखून ठेवा, आणि बादलीची टेस्ट पुन्हा करूनच चेक सोडा.

१०. पाणी भरताना

इपॉक्सी ग्राउट लावल्यावर किमान सात दिवस थांबा. मग भरणं सुरू केलं की मधे सोडू नका, नाहीतर टाइल्सवर पातळीची रेघ उमटते. त्यासाठी सगळे टँकर एका दिवसाचे आधीच सांगून ठेवा. बोअरचं पाणी असेल तर हार्डनेस आणि लोह तपासल्याशिवाय भरू नका. लोह असलेल्या पाण्यात क्लोरीन पडला की पूल चहाच्या रंगाचा होतो आणि नव्या ग्राउटवर डाग बसतो. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणल्यावरच क्लोरीन टाका, मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवा, पहिले दोन दिवस पंप सलग चालवा. पाइप नेमके कुठून नेले त्याचं ड्रॉइंग, व्हॉल्व्हची नावं आणि फिल्टर स्वच्छ असतानाचा गेजचा आकडा लॅमिनेट करून पंपरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, आणि त्याची एक प्रत सेक्रेटरीच्या फाइलीत ठेवा.